आत्याला हवा तो गोंगाट

कानांत नवी मशीनं बसून आठवडा झाला आणि आत्याचं डोकं फिरलं ते मैदानातल्या बाकावर.

पानगळ ऐन भरात होती. झाडांखाली वाळक्या पानांचा खच पडला होता, वारा तो इकडून तिकडे लोटत होता, आणि आत्याच्या कानांत त्यातलं काही म्हणता काही शिरत नव्हतं. शिरत होतं ते शेजारच्या बाकावरच्या दोघींचं बोलणं. एकीच्या जावेने पुन्हा नवा फ्रिज घेतला होता. अगदी खणखणीत ऐकू येत होतं.

आत्याचे कान गेले कापड गिरणीत, मागावर उभं राहून. कानांबरोबर घरातलं बोलणंही गेलं, त्याचं तिला फारसं दुःख नव्हतं. चीड होती ती एकाच गोष्टीची. "पुन्हा सांग" म्हटलं की भाचा हात झटकायचा, "जाऊ दे गं, काही नाही." ओठांवरून तेवढं तिला बरोबर कळायचं. आईवेगळ्या या पोराचं एकेक वाक्य तिने दहादा ऐकून घेतलं होतं, त्याला बोलायला शिकवताना!

गिरणी सुटली की वाळक्या पानांतून पाय फरफटत घरी येणं, ही तिची आयुष्यातली एकुलती एक चैन. मशीन लावायला ती तयार झाली ती त्या आवाजासाठी. आता झाडं अर्धी बोडकी झाली होती. दोन दिवसांत सफाईवाले पानं उचलून नेणार, मग बसा वर्षभर. आणि पुढचं वर्ष कुणी पाहिलंय?

ती तशीच घरी गेली, भाच्याला जेवणावरून उठवलं आणि मशीनवाल्या बाईंच्या दवाखान्यात नेलं.

बाईंनी भाच्याकडे बघून विचारलं, "काय त्रास होतोय त्यांना?"

"मला विचारा," आत्या म्हणाली. "कान माझे आहेत."

बाईंनी कॉम्प्युटरवर बघितलं. "मशीन उत्तम चाललंय. बाहेरचा गोंगाट दाबून फक्त बोलणं पुढे आणतंय. वारा, पानं, किडे, पक्षी, सगळं कमी केलंय. तुमच्याकडूनच तसं सांगितलं होतं."

"कोणी सांगितलं?"

भाचा भिंतीवरचं कानाचं चित्र मन लावून बघायला लागला.

"अगं, घरातलं ऐकू आलं म्हणजे झालं, असं वाटलं मला."

"घरातलं? ऐकतेय ना आठवडाभर! मी किती खाते, बाथरूममध्ये किती वेळ लावते, माझी खोली मोकळी झाली तर पोरांच्या अभ्यासाला कशी होईल. हे ऐकायला कान आणलेस होय रे? आणि पक्षी म्हणजे गोंगाट? जन्मभर मागांचा खडखडाट कानांत ओतला, तेव्हा तो दाबायला कोणी आलं नाही!"

बाई भाच्याकडे झुकून पुटपुटल्या, "जरा शांत करा त्यांना."

"हेही ऐकू आलं," आत्या म्हणाली.

मग मात्र बाईंनी मुकाट्याने काम केलं. "आता हे बटण दाबलं की सगळं ऐकू येईल. पण बोलणं नीट कळणार नाही हं."

"बरंच होईल."

परत येताना आत्या मैदानाशी थांबली. बाकावर बसून तिने बटण दाबलं. आधी नुसता वारा घोंघावला. मग त्यातून पानं सुटी झाली, डांबरावरून खरखरत जाणारी, एकमेकांवर घासणारी. कुठेतरी एक किडा किरकिरत होता. आत्याचे डोळे भरून आले, आणि त्याचाही तिला रागच आला. हे सगळं त्या पोराने परस्पर बंद करून ठेवलं होतं.

शेजारी बसून तो काहीतरी सांगत होता. त्याचा चेहरा उतरला होता. "...चुकलं..." एवढं तिच्या कानांवर आलं, बाकीचं पानांत गेलं. बटण दाबलं असतं तर सगळं कळलं असतं. तिने हात मांडीवरच ठेवला.

"माफी मागत असशील तर घरी माग. इथे मी कामात आहे."

तो उठला, ऑफिसच्या बुटांनिशी पानांच्या ढिगात शिरला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पाय फरफटत गेला. आत्याने डोळे मिटले.

"पुन्हा," ती म्हणाली.

या वेळी "जाऊ दे" म्हणायची त्याची टाप नव्हती. तो वळला आणि पुन्हा पाय फरफटत निघाला.