इदालिनाची बदली

मी एक गमबूट. उजवा. डावा माझ्याशेजारीच आहे, पण घोट्याला ठिगळ लागल्यापासून तो फारसा बोलत नाही. तेव्हा दोघांचं मीच सांगतो.

कारखान्यातल्या साच्यातलं मला काही आठवत नाही. माझी आठवण सुरू होते ती तुलारी गावातल्या दुकानात अवेलिनोनं पाय घातला तिथून. मोठा पाय, जड टाच. दूर समुद्रातल्या अझोर बेटांवरून इकडे आलेली ही माणसं. गाईंशिवाय त्यांना दुसरं काही सुचत नाही. अवेलिनो गोठ्यात शिरला की ओल्या सिमेंटवर आमचा फचफच आवाज व्हायचा, गाई माना वळवायच्या आणि यंत्र लावायच्या आधीच पान्हावायच्या.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी तो गावात निघाला. आम्हाला दाराशी काढून त्यानं चामड्याचे बूट घातले. हायवेवर धुकं दाट होतं. ते बूट परत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गाई दूध देईनात. शेजारचे गडी आले, अवेलिनोचा भाऊ फिर्मिनो आला. गाई लाथा झाडत राहिल्या. शेवटी अवेलिनोची मुलगी इदालिना आली, तिनं जाड मोजे एकावर एक चढवले आणि आमच्यात पाय घातले. चाल तिची, पण आवाज आमचाच. पहिल्या गाईनं कान हलवले, आणि धार लागली. तेव्हापासून आम्ही इदालिनाचे.

ती गावच्या कम्युनिटी कॉलेजात बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशन शिकत होती. इथं कमी फीत दोन वर्षं काढायची आणि उरलेली दोन मोठ्या विद्यापीठात जाऊन पुरी करायची, असा इकडे रिवाज आहे. त्या जाण्याला सगळे बदली म्हणतात. पहाटेचं दूध काढून इदालिना तशीच वर्गाला पळायची. आत वास नको म्हणून आम्हाला दाराबाहेर ठेवायची आणि मोज्यांवर आत जायची. एकदा एका मुलानं माझ्यात कॉफीचा रिकामा कप टाकला.

"मला वाटलं, कलाशाखेनं काहीतरी मांडून ठेवलंय!"

"कला नाही, शेण आहे," इदालिना म्हणाली. "जा, हात धुऊन ये."

दाराबाहेर बसून मीही थोडं शिकलो. माणसं तासभर आत जांभया देतात आणि बाहेर आल्यावर 'छान झालं' म्हणतात, हेसुद्धा.

वसंतात एका दुपारी ती स्वयंपाकघरात आली. तिची आई देओलिंदा गोड पावाचं पीठ मळत होती. नवरा गेल्यापासून ती काळ्या कपड्यांत होती आणि गोठ्याकडे फिरकली नव्हती. फिर्मिनो कॉफी पीत होता.

"आई, माझी बदली मंजूर झाली."

देओलिंदाचे हात थांबले. "बदली? भाकड गाईला दुसऱ्या गोठ्यात धाडतात तशी? काय केलंस तू? बाईंना उलट बोललीस?"

फिर्मिनोला ठसका लागला. "वहिनी, भाकड कसली! चांगली दुभती बघून मोठ्या गोठ्यात घेतलीय पोरीला. समुद्राकाठच्या विद्यापीठात!"

"तुम्ही गप्प बसा, भावजी. तुम्हाला तर कुणी फुकटसुद्धा नेणार नाही."

तिघंही हसली. त्या घरात किती दिवसांनी.

मग देओलिंदानं विचारलं, "आणि गाई?"

"विकू," फिर्मिनो हळूच म्हणाला.

"त्यानं वाढवलेल्या?"

"कुणी काही विकणार नाही," इदालिना म्हणाली. "मी जातच नाही." महिनाअखेरपर्यंत विद्यापीठाला होकार कळवायचा होता. तिनं तो विषयच बंद केला.

त्याच आठवड्यात वर्गात प्रुइटबाईंनी काम दिलं: आपल्या धंद्यातला एक माणूस उद्या नसेल, तर काम कसं चालवाल? इदालिनानं स्वतःला वजा करून गोठ्याचा आराखडा वाचून दाखवला. गडी, काका, यंत्रं; आणि शेवटी, 'चालणार नाही'.

"घरी आई आहे म्हणालीस," बाई म्हणाल्या. "तिचं नाव कुठंय?"

"ती दुःखात आहे."

"आणि तू नाहीस?"

आतून तिनं कागदाची घडी घातल्याचा आवाज आला.

त्या संध्याकाळी तिनं आम्हाला घासूनपुसून स्वयंपाकघराच्या मधोमध ठेवलं. "आई, गोठ्यात येशील?"

देओलिंदा आमच्याकडे बघत राहिली. "चर्चमधल्या बायका सूप आणून देतात. तू दार हळू लावतेस. सगळे मला जपतात गं. पण ये म्हणून कुणी म्हटलं नाही. अगं, लग्नाआधी बेटावर मी हातानं धारा काढत होते."

"मला वाटलं, तुला नको असेल."

"मलाही तसंच वाटलं होतं."

पहाटे तिनं पाय घातले. मोजे चढवूनही पाय आत डुगडुगत होते. अवेलिनोच्या बोटांनी आमच्या तळाशी खळगे पाडलेत, तिथं तिची बोटं टेकली आणि ती उभीच राहिली.

"केवढे मोठे पाय होते गं याचे," ती म्हणाली.

मग चालू लागली. फचफच. गाईंनी माना वळवल्या. एकीनं यंत्राला लाथ मारली, तशी देओलिंदानं तिला बेटावरची अशी काही शिवी हासडली की ती निमूट उभी राहिली आणि पान्हावली. दाराशी सपाता घालून उभ्या असलेल्या इदालिनानं डोळे पुसले, फोन काढला आणि होकार कळवून टाकला.

आता ती समुद्राकाठी शिकते. काल फोनवर विचारत होती, "आई, बूट चावतात का गं?"

"बूट नाही चावत. तुझा काका डोकं खातो."

डाव्याच्या ठिगळातून पाणी शिरतं. फिर्मिनो वहिनीच्या मापाचे नवे बूट आणणार आहे. आणू दे. गाई आता तिची पावलं ओळखतात, आमची गरज नाही.

तुमच्या ओळखीत कुणाचं माणूस गेलं असेल, तर सूप जरूर न्या. पण थोड्या दिवसांनी त्यांना एखादं कामही सांगून बघा. आणि आम्हाला टाकू नका. कोपऱ्यात उलटे ठेवा, म्हणजे आत कोळी घर करणार नाहीत. आलागेला पाहुणा गोठा बघायला निघाला, तर आमच्यात पाय घालेल.