अस्सल दाद

कृष्णकांत बिवलकरांना पुढच्या महिन्यात साठ वर्षं पूर्ण होत होती. मस्कतच्या त्यांच्या कंपनीत साठी म्हणजे खलास. केक कापायचा, भेटीचं घड्याळ घ्यायचं आणि गुपचूप मुंबईचं विमान पकडायचं. एमडींनी मनात आणलं तरच दोन वर्षं वाढवून मिळत, आणि बिवलकरांना ती हवीच होती. मुलीचं, सईचं, पुण्यातलं आर्किटेक्चर अजून दोन वर्षं चालायचं होतं. एमडी आशुतोष गुप्ते वयानं बरेच लहान. विषय काढला की ते मोबाइलमध्ये बघत "बघू, इन्शाल्ला" म्हणायचे. आणि साहेबाच्या तोंडचा इन्शाल्ला म्हणजे गोड शब्दांतला नकार, हे बिवलकर ओमानमध्ये आल्याच्या पहिल्याच वर्षी शिकले होते.

अशात गुप्त्यांच्या बंगल्यावरचं आमंत्रण आलं. देविका मॅडम, म्हणजे मिसेस गुप्ते, मागच्या वर्षी मातीच्या भांड्यांत रमल्या होत्या. यंदा त्यांना युरोपातलं तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत सापडलं होतं. हॉलंडहून एक व्हायोलिनवाला आणि हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीचं वाद्य, वाजवणारी एक बाई बोलावली होती. वाद्यं त्या काळची, तारा त्या काळच्या, सगळं कसं अस्सल.

बिवलकरांच्या दार्सैतच्या फ्लॅटमध्ये शर्टाला इस्त्री करता करता कल्पनाताईंनी नवऱ्याला बजावलं, "अहो, तिथं मध्येच वा-वा करायचं नाही हं. टाळ्यासुद्धा अगदी शेवटी. मी यूट्यूबवर बघितलंय."

"अगं, कळतं मला."

"कळतं हो, पण राहवत नाही ना तुम्हाला. गुप्ते सर समोर असणार. सईसाठी तरी तोंड मिटून बसा."

त्यांचंही बरोबरच होतं. बिवलकर मिरजेत वाढलेले. उरुसातल्या गाण्याला रात्र रात्र पुढच्या सतरंजीवर बसलेला माणूस. चांगली जागा आली की दाद तोंडातून निसटायचीच, शिंक आवरत नाही तशी ती त्यांना आवरता यायची नाही.

बंगला कुरुमला, अगदी समुद्राला लागून. हॉलमध्ये मेणबत्त्या लावल्या होत्या, दारं सताड उघडी होती आणि एसी बंद होता, कारण त्या काळी एसी नव्हता. त्या काळच्या युरोपात मस्कतचा मे महिनाही नव्हता, पण ते मॅडमना सांगणार कोण? पाहुणे कोटाच्या आत शिजत होते. येरुन नावाचा तो उंच व्हायोलिनवाला काकुळतीला येऊन म्हणाला की या तारा बकऱ्याच्या आतड्याच्या आहेत, दमट हवेत टिकत नाहीत, जरा एसी लावता का? मॅडम म्हणाल्या, "पण मेणबत्त्या विझतील ना." आतड्याचं ऐकून शाकाहारी मंडळींनी खुर्च्या जराशा मागे घेतल्या.

वादन सुरू झालं. बँकेचे साहेब डोळे मिटून घोरण्याच्या बेताला आले. त्यांच्या बायकोनं हनुवटीला बोट लावून चेहरा जाणकार केला. बिवलकर मात्र ऐकायला लागले आणि हळूहळू कोट, घाम, साठी सगळं विसरले. येरुन एका सुरावर येऊन थांबला. तो सूर त्यानं विरत विरत नेला, आता संपलाच असं वाटेपर्यंत नेला, आणि कुठल्याशा आडवाटेनं अलगद घरी आणून सोडला.

"क्या बात है," बिवलकर म्हणाले.

हॉल गोठला. कल्पनाताईंची नखं त्यांच्या कोपरात रुतली. गुप्ते वळून बघायला लागले. आणि येरुन? तो हसला. तीच जागा त्यानं पुन्हा घेतली, जरा वेगळ्या नक्षीनं, आणि बिवलकरांकडे बघून मान झुकवली.

मध्यंतरात त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, की त्या काळचे श्रोते काही पुतळे नव्हते. आवडलं की ते तिथल्या तिथं बोलून दाखवायचे. "इतकी वर्षं वाजवतोय," तो म्हणाला, "पण नेमक्या त्या जागेवर मला आज पहिल्यांदा कुणीतरी गाठलं."

"म्हणजे ही दादसुद्धा अस्सल," देविका मॅडमचे डोळे चमकले. त्यांनी बिवलकरांची खुर्ची उचलून पहिल्या रांगेत मधोमध ठेवायला लावली. गुप्त्यांनी खांद्यावर हात टाकला. "बिवलकर, सेकंड हाफमध्येपण चालू ठेवा हं. बँकवाले जाम इम्प्रेस झालेत. आणि तुमची ती दोन वर्षांची फाइल, उद्याच करून टाकू."

या वेळी ते इन्शाल्ला म्हणाले नाहीत.

उत्तरार्ध सुरू झाला. अख्खा हॉल व्हायोलिन सोडून बिवलकरांच्या तोंडाकडे बघत होता. ते हिशोब मांडत बसले. आत्ता म्हणावं? फार लवकर होईल. मघाचंच म्हणावं की दुसरं काही? एक जागा गेली वाटतं. गेली की काय? शेजारी गुप्ते खाकरले. बिवलकरांनी डोळे मिटले, चेहऱ्यावर तल्लीन भाव आणला आणि श्वास भरून तयार राहिले. मघाशी तो थांबला होता, तसाच परत थांबेल, की लगेच.

आणि सूर थांबला.

"वाह! क्या बात है!" बिवलकरांनी खणखणीत आवाजात दाद दिली. लागलीच बँकवाले "वाह" म्हणाले, त्यांच्या बायकोनं "क्या बात" केलं, मॅडम "ब्राव्हो" म्हणत उभ्या राहिल्या आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

बिवलकरांनी डोळे उघडले. येरुनच्या व्हायोलिनवरून तुटलेली तार लोंबत होती. गज तसाच हवेत होता. टाळ्या वाजवणाऱ्यांकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो फक्त बिवलकरांकडे बघत होता. रागानं नव्हे. ओळखीचा समजून रस्त्यात हात करावा आणि माणूस भलताच निघावा, तसं बघत होता. मग त्यानं मान खाली घातली आणि नवी तार काढली. पुढचं सगळं त्यानं नीट वाजवलं, पण पहिल्या रांगेकडे पुन्हा बघितलं नाही.

जेवताना गुप्त्यांनी हातातली प्लेट सांभाळत जाहीर केलं, "दोन वर्षं, बिवलकर. डन. पुढच्या प्रोग्रॅमलाही तुम्ही पुढेच बसायचं."

गाडीत बसल्या बसल्या कल्पनाताईंनी सईला फोन लावला आणि बोलता बोलता रडल्या. मग फोन ठेवून डोळे पुसले. रुवीचे दिवे दिसू लागल्यावर म्हणाल्या, "अहो, मला काही त्यातलं कळत नाही. पण ती तार तुटायच्या आधी तो जे वाजवत होता ना, त्यानं कसंतरीच झालं हो आतून. काय होतं ते?"

बिवलकरांनी सिग्नलला गाडी थांबवली.

"ठाऊक नाही गं," ते म्हणाले. "मी ऐकलंच नाही."