सुताराने लिहिलेले मानपत्र

थोरली बहीण रुग्णालयातील परिचारिकेच्या सेवेतून निवृत्त होणार, असे ठरले, तेव्हा सुताराने भर जेवणात जाहीर केले, "ताईचं मानपत्र मी माझ्या हातानं लिहिणार."

बायकोचा घास हातातच राहिला. "तुम्ही? अहो, तुमची सामानाची यादी तुम्हालाच वाचता येत नाही!"

"म्हणूनच शिकणार आहे," तो गंभीरपणे उद्गारला.

खरे कारण निराळे होते. आईवडिलांच्या पश्चात ताईनेच त्याला लहानाचे मोठे केले होते. तथापि त्या उपकारांविषयी चाळीस वर्षांत त्याच्या मुखातून अवाक्षरही निघाले नव्हते. समारंभात बोलावे लागले, तर आपली बोबडी वळणार, हे तो पुरते ओळखून होता. अक्षराने शोभा आणली, तर जिभेची सुटका होईल, असा त्याचा धूर्त बेत होता.

दुकानांच्या पाट्या रंगवून थकलेला एक वृद्ध पेंटर त्याला गुरू म्हणून लाभला. गुरूने बोरू दिला आणि टोक तिरपे कापून आणावयास सांगितले. सुताराची छाती फुगली. तिरपे कापणे हा तर त्याचा हातखंडा! त्याने पटाशी परजली आणि बोरूला असे टोक काढले की त्याने दाढी करता आली असती. पहिल्याच उभ्या रेघेला कागद उभा चिरला गेला.

"अहो मिस्त्री," पेंटर म्हणाले, "शाई उतरवायचीय. खाच नाही पाडायची."

पुढे तीन आठवडे सुतार जीभ दातांत धरून अक्षरे गिरवीत राहिला. प्रत्येक उभी रेघ तो काटकोन मापायचा गुण्या लावून तपाशी. रेघा काटकोनात आल्या. परंतु सगळी अक्षरे मिळून संपावर गेलेल्या मजुरांसारखी दिसत, हे त्याचे त्यालाच मान्य करावे लागले.

समारंभाच्या दिवशी सकाळी त्याने राखून ठेवलेला एकमेव जाड कागद घेतला. तीन ओळी नामी उतरल्या. चौथीत एक अक्षर बिघडले. शाई वाळल्यावर, लाकडावरच्या डागाला करतो तसे, त्याने सवयीने त्यावर पॉलिशपेपर मारला. अक्षर गेले. पाठोपाठ कागदही गेला. त्या भोकात लाकडाच्या भेगा बुजवायची लांबी भरावी काय, असा विचारही त्या विद्वानाच्या मनास स्पर्शून गेला. दुसरा कागद आणण्यास वेळ उरला नव्हता.

रुग्णालयाच्या सभागृहात ताईने मानपत्र उलगडले आणि चष्मा सावरला. "अरे, हे काय? उंदरानं खाल्लं का?"

"नाही. मीच."

हशा पिकला. ताई मात्र हसली नाही. "मग पुढचं तोंडानं सांग. काय लिहिणार होतास?"

पुस्तके चाळून जमविलेली 'वात्सल्यसिंधू', 'त्यागमूर्ती' वगैरे सारी विशेषणे त्या क्षणी त्याला सोडून गेली. मग तो खाली पाहत कसाबसा म्हणाला, "तू मला दोन वेळा जेवायला घालायचीस, आणि स्वतः एकदाच जेवायचीस. मला माहीत होतं, ताई. मी कधी बोललो नाही."

ताईने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"तेव्हाच बोलला असतास मेल्या," ती म्हणाली, "तर तुझ्या ताटातली अर्धी पोळी तरी घेतली असती मी."