शनिवारचं जेवण

वेसाव्याच्या गल्लीत, वर्गातल्या अल्पेशच्या दाराशी गंधालीने चपला काढल्या आणि रिक्षात पाठ केलेलं वाक्य मनातल्या मनात आणखी एकदा म्हणून पाहिलं. आत अल्पेशची आई, सगुणा, मोठं पातेलं पुढ्यात घेऊन खाली मान घालून काहीतरी सोलत बसली होती.

"ये गो बाय. अल्पेश कॉलेजलाच हाय ना?"

"हो मावशी. मी उद्याचं सांगायला आले."

उद्या म्हणजे शनिवारी सोलापूरकडच्या एका कॉलेजची तीस मुलं दोन दिवसांसाठी मुंबई बघायला यायची होती. त्यांना काय दाखवायचं हे ठरवायचं काम पार्ल्याच्या गंधालीकडे होतं. सकाळी महाकालीची लेणी, दुपारी कोळीवाड्यात जेवण, मग समुद्र, आणि रविवारी कान्हेरी. जेवणाची कल्पना तिचीच. पंधरा दिवसांपूर्वी ती स्वतः येऊन सगुणाला गळ घालून गेली होती, आणि सगुणानेही शनिवारी मासे घेऊन बाजारात न बसण्याचं तिथल्या तिथे कबूल केलं होतं.

मग गेल्या रविवारी ती वर्गातल्या इरावतीला घर दाखवायला घेऊन आली. परतताना रिक्षा सातबंगल्यापर्यंत पोचली तेव्हा कुठे इरावतीने नाकावरचा रुमाल काढला.

"यार, या वासात जेवायचं? ओकेल ना कोणीतरी!"

गंधालीला काहीतरी बोलता आलं असतं. ती हसली. गुरुवारपर्यंत जुहूच्या एका हॉटेलात तीस ताटं सांगूनही झाली.

राहिलं होतं ते सगुणाला सांगणं. पार्ल्यातल्या माणसाला नाही म्हणायचं असलं की वार आणि तिथी मदतीला धावून येतात. गंधालीच्या घरी तर ही कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. तिची सबब ऐकून इरावतीने "झकास!" म्हणून टाळी दिली तेव्हा तिला स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटलं होतं.

"मावशी, घोटाळा झाला हो," ती आता म्हणाली. "उद्या शनिवार. माझ्या लक्षातच आलं नाही. त्यांच्यातली बरीच मुलं शनिवार पाळतात, मासे खात नाहीत. मग तुम्हाला उगाच कशाला त्रास..."

सगुणा हसली. हात थांबले नाहीत.

"येवढाच ना? मना म्हायती हाय गो. सारा जलम बाजारात गेला, शनवारी कोण मासली घेतंय ता मना नाय ठावं?" तिने पातेलं गंधालीकडे सरकवलं. "ह्या बघ."

पातेल्यात सोललेले वाल होते. मोड आलेले, पांढरेशुभ्र, गळ्यापर्यंत भरलेले. शेजारच्या टोपलीत सालांचा ढीग पडला होता.

"मंगळवारीच भिजत घातलं. खाणाऱ्यांना कोलंबी, नाय त्यांना बिरडं. आणि ती कढई देवळातली आणलीय, तीत मासली कदी शिजली नाय. पोरांच्या मनात काय यायला नको."

गंधाली कढईकडे बघत राहिली. घासून लखलखीत केलेली ती कढई भिंतीशी उपडी घातली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाठ केलेलं वाक्य संपलं होतं.

"तसं नाही मावशी... म्हणजे सरांनी... हॉटेलात..."

सगुणाचे हात थांबले. तिने एकदा गंधालीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर बांबूच्या वलांडीवर वाळत घातलेल्या बोंबलांकडे. बोटाला चिकटलेलं एक साल तिने पदराला पुसलं.

"बरा," ती म्हणाली.

पंखा कुरकुरत होता. गंधालीला वाटलं, हिने आता दोन शिव्या तरी घालाव्यात.

"अल्पेशला यातला कायच सांगू नको," सगुणा हळू आवाजात म्हणाली. "तुमच्यातच बसतो, उठतो तो. मीच त्याला फोन करते. आयशीला बरा नाय, जमणार नाय, आसा लिवील तो."

"मावशी, तुम्ही कशाला..."

"पाणी पी. उन्हाची आलीस."

पाणी पिऊन ती निघाली. मागे वळून पाहायचं धाडस तिला झालं नाही.

नाक्यावर रिक्षाला हात करताना मोबाइल वाजला. वर्गाच्या ग्रुपवर अल्पेशचा मेसेज होता. 'सॉरी यार, आईला ताप आलाय. उद्याचं जेवण कॅन्सल. आईला खूप वाईट वाटतंय.' खाली इरावतीचे जोडलेले हात आले, मग श्रेयसचे, मग सरांचे. सगळ्यांचं लिहून झालं. फक्त तिचंच राहिलं होतं आणि ते दिसण्यासारखं होतं.

मैत्रिणींच्या, मित्रांच्या सगळ्या आयांना ती काकू म्हणायची. हिलाच तेवढं पहिल्या दिवसापासून मावशी, मासेवालीला म्हणतात तसं. ते तिच्या आत्ता लक्षात आलं.

रिक्षात बसून तिने लिहिलं, 'काकूंना सांग, काळजी घ्या,' आणि पाठवून दिलं.