जाळीवरची पाटी

ही गोष्ट कुणाला लिहून सांगायचीच न्हाय असं कृष्णातनं ठरवलं होतं. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा ऱ्हायलं.

राधानगरी रोडला चढ लागला आणि जीपचा तापमानाचा काटा परत लालात. आबांची जीप. आबा जाऊन आठ महिने झाले. घरात हा एकटा, दारात ती. आणि शाळेतल्या जोडीदारानं, अल्ताफनं, मागच्याच खेपेला फोनवर बजावलं होतं, आणखी दोन-तीनदा तापली तर इंजिन बसलं, मग थेट भंगारात.

गाडी कडेला घेऊन कृष्णातनं त्याला शारजाला व्हिडिओ कॉल लावला. अल्ताफ आता तिकडं गॅरेजात. जेवणाची सुट्टी चाललेली.

"बोल लेका. तापली?"

"तापली की."

"पाणी?"

"फुल हाय. गळत न्हाय. थर्मोस्टॅट नवा, पट्टा नवा. यूट्यूबवर हाय तेवढं समदं केलं."

"उभी असताना तापती?"

"न्हाय. तासभर चालू ठेव, काटा हलत न्हाय. पळवली की तापती."

"मंजी फॅन बरा हाय. वाराच पोचंना रेडिएटरला. कवापासनं?"

"दसऱ्यापासनं."

"पूजेला काय लावलंस गाडीला?"

कृष्णात नुसताच खाली उतरला.

"मोबाईल फिरव. म्होरं दाव."

रेडिएटरपुढच्या जाळीवर या टोकापासनं त्या टोकापर्यंत पत्र्याची पाटी. पिवळ्यावर लाल अक्षरं, 'आबांची पुण्याई'.

"आरं खुळ्या! बापाच्या नावानं गाडीचं नाक दाबलंयस की!" अल्ताफ खो खो हसला. मग थांबला. "तुला कळलं न्हवतं व्हय रं?"

कळलं होतं. पंधरा दिवसांमागंच शंका आलती. पण ते नाव काढायला हात उचलंना. आणि खरं सांगायचं तर गाडी तापली की फोन लावायला कारण मिळायचं. नुसताच लावून बोलायचं काय?

हे त्यानं अल्ताफला सांगितलंच न्हाय. इंजिन निवल्यावर चार स्क्रू काढले. पाटी पुसली, शेजारच्या सीटवर उभी करून ठेवली. फोन डॅशबोर्डवर टेकवला, चढ घेतला. काटा मधोमध. वर पोचला तरी मधोमध.

"झाली की बरी," अल्ताफ म्हणाला. "आता कशाला फोन करशील तू मला?"

म्हणजे त्यालाबी कळलं होतं.

कृष्णातनं सीटवरच्या पाटीकडं बघितलं.

"रविवारी करतो," तो म्हणाला. "गाडीला काय झालेलं नसलं तरी."