पट्टा गप्प झाला तेव्हा

पलंगावर बॅग उघडी पडली होती. आई तिच्यात बाळाचे कपडे भरत होती आणि वहिनी ते बाहेर काढत होती. आवाज कुणीच चढवत नव्हतं. आईनं एक झबलं घडी करून ठेवलं की वहिनी ते शांतपणे उचलून कपाटात परत ठेवायची. धाकटा दारात उभा राहून हे बघत होता आणि मध्ये पडायची त्याची छाती होत नव्हती.

धाकटा म्हणजे घरातला धाकटा मुलगा, वॉशिंग मशीन आणि फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात कामाला असलेला. थोरला, म्हणजे दादा, लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा आणि घरी पाहुण्यासारखा यायचा. वहिनीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आजवर दिवसा घरात आई असायची, म्हणून कुणी फारसा विचार केला नव्हता. पण आता धाकट्याच्या बहिणीच्या, ताईच्या, पाठीचं ऑपरेशन ठरलं होतं. ताई दुसऱ्या गावी, तिला उठवायबसवायला कुणी नाही, तेव्हा आई दोन महिने तिकडे जाणार हे नक्की होतं. आणि जाताना बाळाला बरोबर न्यायचं, हे आईनं स्वतःच ठरवून टाकलं होतं.

"ते रडलं तर हिला कळणार कसं?" आई धाकट्याला म्हणाली. तिनं वहिनीकडे पाठ केली होती. "मी काही तिची वैरीण नाही. पण दिवसभर घरात दुसरं आहे कोण? तू दुकानात, तो रस्त्यावर."

"आई, तिच्याकडे तोंड करून बोल ना."

"तिच्याकडे तोंड करून नाही बोलवत मला हे."

वहिनीनं ओठ पाहिले नसले तरी तिला सगळं कळलं होतं. तिनं धाकट्याच्या खांद्यावर टिचकी मारली आणि हातांनी भराभर सांगितलं, "अंगावर पितं ते. आणि मला विचारलं का कुणी?"

रात्रीच्या जेवणाआधी दादाचा फोन आला. त्यानं दोन्ही बाजू ऐकून घेतल्या, आईचं बरोबर म्हटलं, बायकोचंही बरोबर म्हटलं आणि रविवारी आलो की बघू म्हणून मोकळा झाला. रविवारी दुपारीच आईची गाडी होती.

"रविवारपर्यंत थांबा," धाकटा बोलून गेला. "बाळ रडलं की वहिनींना कळेल असं काहीतरी मी करून दाखवतो."

बोलला खरा. मोटर, वायरी, सोल्डरिंग यात त्याचा हात बसला होता, पण प्रोग्रॅम नावाची गोष्ट त्यानं जन्मात लिहिली नव्हती. मशीनचे एरर कोड तो दुकानात एआयला विचारायचा, तेवढीच काय ती ओळख. दुसऱ्या दिवशी दुकानाचं काम संपल्यावर त्यानं त्याच एआयपुढे सगळी हकीकत लिहून टाकली.

उत्तर आलं, "करता येण्यासारखं आहे. बाळाजवळ एका पेटीत माईक आणि छोटा बोर्ड, वहिनींच्या हाताला थरथरणारा पट्टा. प्रोग्रॅमला मी मदत करीन. पण आधी एक सांगा. वहिनी आज हे सगळं कसं सांभाळतात? त्यांना नेमकी कशाची धास्ती वाटते? त्यांना विचारलंत का?"

"ऐकू येत नाही, हीच धास्ती," धाकट्यानं लिहिलं. "सामान काय काय लागेल ते सांग."

एआयनं सामान सांगितलं, पण विचारून घ्या असं पुन्हा एकदा लिहिलं. धाकट्यानं ते वाचून सोडून दिलं. रविवार तोंडावर आला होता.

पुढचे दिवस त्याला नाकी नऊ आले. एआयनं लिहून दिलेला प्रोग्रॅम त्यानं बोर्डावर चढवला की तो अडायचा. मग तो पडद्यावर आलेला एररचा संदेश एआयपुढे चिकटवायचा, एआय कारण सांगायचं, आणि सांगताना त्यालाच विचारायचं, "या ओळीत आवाज किती मोठा हवा ते ठरतंय. इथे आकडा वाढवला तर काय होईल असं वाटतं?" सुरुवातीला त्याचं डोकं फिरायचं. घाई कुणाला आणि शिकवणी कुणाची? पण एका संध्याकाळी पट्टा थरथरेना, तेव्हा त्यानं न विचारता चूक स्वतः शोधली. मोटरची वायर भलत्याच ठिकाणी जोडली होती. फोनवर बाळाच्या रडण्याची ध्वनिफीत लावली आणि पट्टा त्याच्या मनगटावर गुरगुरला. दुकानाच्या मालकालाही त्यानं तो बांधून दाखवला.

शुक्रवारी सकाळी पट्टा वहिनीच्या हातात होता आणि धाकट्यानं दुकानात अर्ध्या दिवसाची दांडी मारली होती.

बाळ झोपलं होतं. वहिनी भांडी घासत होती. पट्टा थरथरला, वहिनी ओल्या हातांनी धावली. बाळ गाढ झोपेत. वरच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीत ड्रिल मारत होतं. ती परत आली, तोवर वॉशिंग मशीन पिळायला लागलं, पुन्हा पट्टा. मग रस्त्यावरचा हॉर्न, मग आईच्या हातून पडलेलं झाकण. वहिनी दर वेळी धावली. प्रत्येक वेळी तिचा चेहरा आधी पांढरा पडायचा आणि मग घट्ट व्हायचा. शेवटी तिनं पट्टा सोडला, टेबलावर ठेवला आणि धाकट्याकडे न बघता भांड्यांकडे गेली.

आईनं बॅग पुन्हा पलंगावर काढली.

धाकटा तणतणत लॅपटॉपपुढे बसला. "तुझं यंत्र सगळ्यालाच रडणं समजतंय," त्यानं लिहिलं.

"आवाजाची मर्यादा वाढवली तर ड्रिल आणि हॉर्न बरेच गळतील," एआयनं लिहिलं, "पण बाळाचं बारीक रडणंही निसटेल. आणखी एक चूक माझी आहे. घरातले आवाज आधी रेकॉर्ड करून त्यावर तपासायला मी सांगायला हवं होतं. आता यातला कुठला धोका पत्करायचा, ते तुम्ही किंवा मी ठरवू नये. तो पहिला प्रश्न अजून तसाच आहे."

धाकटा उठला आणि वहिनीच्या खोलीत गेला.

वहिनी एका स्टुडिओसाठी घरून फोटो दुरुस्त करायची. पडद्यावर कुणा नवऱ्यामुलीचा चेहरा मोठा करून ती एकेक डाग पुसत होती, आणि दर थोड्या वेळानं तिची मान आपोआप पाळण्याकडे वळत होती. धाकटा तिला दिसेल असा समोर बसला.

"चुकलं माझं," त्यानं खुणेनं सांगितलं. "तुम्हाला विचारायलाच हवं होतं. भीती कशाची वाटते?"

वहिनीनं पेन खाली ठेवलं. तिचे हात आधी हळू चालले. "रडतं तेव्हा मला भीती नाही वाटत. इथे असले तर दिसतं. रडणारं बाळ जिवंत असतं, भाऊजी." मग हात भराभर चालू लागले. "मी मागे कपडे वाळत घालते, अंघोळीला जाते. तेव्हा माझ्यासाठी सगळं नेहमीच गप्प. आणि तुमचा पट्टा? तो गप्प असला तर मी काय समजायचं? बाळ गप्प आहे, का पट्टा बंद पडलाय? बॅटरी गेली तर तो मला सांगणार आहे का?"

इतके दिवस धाकट्यानं एकदाही हा विचार केला नव्हता. पट्टा बंद पडला असता आणि वहिनी निवांत कपडे वाळत घालत बसली असती.

त्यानं तिचे शब्द जसेच्या तसे एआयला लिहिले.

"सगळं काम या प्रश्नावर उभं राहायला हवं होतं," उत्तर आलं. "मग उलट करून बघू. सगळं ठीक असेल तर पट्टा दर काही सेकंदांनी हलकीच टिचकी देत राहील. माईक, वीज, वायफाय, यातलं काहीही तुटलं तर टिचकी थांबेल. गप्प झालं, की जाऊन बघायचं. रडणं सलग चाललं तरच मोठी थरथर. पण एक गोष्ट घरात सगळ्यांना स्पष्ट सांगा. ही पेटी बाळाचा श्वास बघत नाही. तसं कुणाला वाटू देऊ नका."

धाकट्यानं वहिनीला पडदा दाखवला. तिनं दोनदा वाचलं आणि स्वतःच कीबोर्ड ओढला. तिला मागच्या गॅलरीत आणि न्हाणीघराबाहेर बाळ दिसेल असा छोटा पडदाही हवा होता. टिचकी किती जोराची, किती वेळानं, हेही तिलाच ठरवायचं होतं. धाकटा बाजूला सरकला. त्या संध्याकाळी तिघांचं काम चाललं: एआय लिहीत होतं, धाकटा जोडत होता, वहिनी पट्टा बांधून मान हलवत होती, नाही, अजून हलकं, अजून. रडणं सलग चाललं तरच थरथरायचं म्हटल्यावर ड्रिलनं पट्टा उगाच थरथरेनासा झाला.

शनिवारी दुकान दुपारी बंद व्हायचं. धाकटा घरी आला तेव्हा वहिनी मागच्या गॅलरीत चादरी वाळत घालत होती. पट्टा तिच्या हातात होता, पण पडद्याचं काम अपुरं होतं. तो स्वयंपाकघराच्या टेबलावर तेच घेऊन बसला. आई खोलीत होती, बाळ तिच्याजवळ. उद्याच्या प्रवासाचे कपडे ती इस्त्री करत होती.

अचानक वहिनी गॅलरीतून आत आली. चालत नाही, पळत. ओली चादर तिच्या मागे जमिनीवर पडली. धाकट्यानं मनगटाकडे बोट दाखवून विचारलं, काय झालं? तिनं बघितलंही नाही. त्यानं लॅपटॉपकडे पाहिलं. पेटीकडून काहीच येत नव्हतं. पुन्हा बिघडलं, एवढंच त्याच्या मनात आलं. आई समोर असताना, ती निघायच्या आदल्या दिवशी, पुन्हा बिघडलं.

तो तिच्या मागे गेला तेव्हा आई पाठमोरी उभी होती, इस्त्री हातात. पेटीचा प्लग जमिनीवर पडला होता आणि त्या जागी इस्त्रीचा होता. पलंगावर घडी न केलेल्या कपड्यांचा ढीग, आणि बाळ त्या ढिगात पालथं पडलं होतं. या आठवड्यातच ते कुशीवर वळायला लागलं होतं. पालथं झाल्यावर मात्र परत फिरता येत नव्हतं. त्याचं तोंड मऊ शालीत रुतलं होतं. पाय हलत होते, आवाज नव्हता.

वहिनीनं त्याला उचललं. चेहरा लालबुंद, जांभळटच. तिनं त्याला खांद्यावर घेतलं, पाठीवर हात फिरवला, आणि तो क्षण धाकट्याला फार लांब वाटला. मग बाळानं श्वास ओढला आणि घर डोक्यावर घेतलं. वहिनीला तो आवाज ऐकू आला नाही. तिचा तळवा बाळाच्या पाठीवर होता आणि तिथून तो तिला कळला. ती त्याला घेऊन जमिनीवर बसली.

आईनं वळून पाहिलं. तशीच टेकवलेल्या इस्त्रीखाली कापड करपायला लागलं होतं. धाकट्यानं पुढे होऊन बटण बंद केलं.

"मी इथेच होते," आई म्हणाली. "दोन पावलांवर. मला काहीच ऐकू आलं नाही."

डॉक्टरांनी बाळाला तपासून काळजीचं कारण नाही म्हणून सांगितलं. वहिनीनं गादी जमिनीवर टाकली आणि तिच्यावर बाळाशिवाय काही ठेवायचं नाही असं हातवारे करून सगळ्यांना बजावलं. धाकट्यानं घडलेलं सगळं एआयला लिहिलं.

"बाळ सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं," एआयनं लिहिलं. "तुमची अवस्था कशी आहे? उद्या घरात यावर निर्णय होणार, म्हणून एवढंच सांगतो: पेटीनं बाळाला पाहिलं नाही. प्लग निघाला, हा योगायोग होता."

धाकट्यालाही तेच डाचत होतं.

रविवारी सकाळी दादा आला. आईनं त्याला चहासुद्धा घेऊ दिला नाही, सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "याच्या पेटीनं वाचवलं रे पोराला." दादानं धाकट्याच्या पाठीवर थाप मारली.

गप्प बसलं असतं तर सगळं आपोआप जमलं असतं. बाळ राहिलं असतं, आई निश्चिंत गेली असती. धाकट्यानं वहिनीकडे बघितलं आणि बोलताना सोबत खुणाही केल्या, म्हणजे तिला सगळं कळावं.

"पेटीनं नाही वाचवलं. आई, तू प्लग काढला नसतास तर टिचकी चालूच राहिली असती आणि वहिनी गॅलरीतच राहिल्या असत्या. पेटीला तोंड दाबलेलं कळत नाही. तिच्यावर तेवढा भरवसा ठेवू नका."

दादाचा हात खाली आला. "मग हे सांगून काय मिळवलंस?" तो म्हणाला. "आता काय करायचं आम्ही?"

वहिनीनं बाळाला दादाच्या मांडीवर दिलं, हात मोकळे केले आणि आईसमोर उभी राहिली. ती सावकाश खुणा करत गेली, धाकटा शब्द सांगत गेला.

"टिचकी थांबली तेव्हा मला काय झालंय ते माहीत नव्हतं. मी बघायला आले. मी नेहमीच बघायला जाते, कारण ऐकून खात्री करणं मला जमत नाही. पेटी नसली तरी जाईन. असली तर थोडी कमी धावेन."

आईनं चष्मा काढला, पदर शोधावा तसा हात चाचपला आणि शेवटी हातानंच डोळे पुसले. मग ती दादाला म्हणाली, "तू लांबच्या फेऱ्या दोन महिने दुसऱ्या कुणाला दे. रोज संध्याकाळी घरी यायचं. सगळं हिच्यावर आणि पेटीवर टाकून चालणार नाही."

"मालक कटकट करेल."

"करू दे."

दादा चडफडला, पण त्यानं नाही म्हटलं नाही. आई गाडीत बसली ती एकाच बॅगेनिशी. जाताना तिनं वहिनीचे दोन्ही हात धरून ठेवले, आणि वहिनीनं ते सोडवून घेतले नाहीत. त्यांच्यात सगळं मिटलं असं धाकट्याला वाटलं नाही. पण बाळ घरी होतं.

सोमवारी दुकानात त्याचं लक्ष लागेना. एका मशीनचा ड्रम त्यानं दोनदा उलटा बसवला. फोन समोरच ठेवला होता आणि तो गप्प होता, आणि गप्प असणं चांगलं की वाईट हे त्याला ठरवता येत नव्हतं. वहिनी रोज कशात जगते, ते त्याला त्या दिवशी थोडंसं कळलं.

दुपारी वहिनीचा मेसेज आला. "बाळ झोपलंय. पट्ट्यानं हाताला पुरळ उठलंय, कापडाचा आणा. आणि माझ्या मैत्रिणीचा प्रश्न आहे. तिलाही ऐकू येत नाही. तिच्या सासऱ्यांना फिट येतात, दिवसा घरी ती एकटीच असते. तिलाही असलंच काहीतरी बनवून द्याल का?"

धाकट्यानं सवयीनं लॅपटॉप उघडला, सामानाची यादी लिहायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला. लिहिलेलं खोडलं.

"करू," त्यानं वहिनीला कळवलं. "पण आधी मला त्यांच्या घरी घेऊन चला. सासऱ्यांनाही विचारायचंय."