दुरुस्त केलेलं घर

मी एक जुना टेबलफॅन आहे आणि मला स्वस्थ बसता येत नाही. बटण दाबलं की माझी मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. खोलीत काय चाललंय ते मला तुकड्यातुकड्यांत दिसतं. तरीही, मित्रांनो, जे दिसलं ते तुम्हाला सांगणार आहे. मोठी माणसं म्हणतील, मुलांना हे कशाला? त्यांचं ऐकू नका.

कारखान्यात मला लोखंडी बूड आणि तीन पाती मिळाली. खोक्यात बसून मी आलो तो थेट एका सरकारी कचेरीत. तिथं माणसांच्या दुखण्यांचे आकडे यायचे. कोण आजारी पडलं, कुठल्या दवाखान्यात गेलं, कोण गेलंच नाही आणि का. घरोघर फिरून जमवलेली ही माहिती कॉम्प्युटरात भरायची, तिच्यातल्या चुका काढायच्या आणि सरकारला सांगायचं की दवाखाने इथं बांधा, औषधं तिथं पाठवा. सुरुवातीला माझे फार लाड झाले. माझं तोंड आपल्याकडे वळवायला उन्हाळ्यात भांडणं व्हायची. कागद उडाले की शिव्या मात्र मलाच.

त्या खोलीत एक अर्थतज्ज्ञ बाई होती. तोंडावर सगळे तिला मॅडम म्हणायचे, पाठीमागे टोचणी. एखादा आकडा खटकला की ती तो मांडणाऱ्याला सुखानं चहा पिऊ द्यायची नाही. खुर्चीत तर ती बसायचीच नाही. पेन्सिल चावत येरझाऱ्या घालायची. मी मान फिरवायचो, ती खोलीभर फिरायची, आमचं बरं जमायचं. बाळंतपणात बायका कुठं आणि कशानं मरतात यावर तिनं पुस्तक लिहिलं, ते साहेबांनी काचेच्या कपाटात मानानं ठेवलं. तोवर तिचं कौतुकच होतं.

संध्याकाळी तिला न्यायला एक पोहायला शिकवणारी बाई यायची. केस कायम ओले. आल्याआल्या माझ्यासमोर वाकून उभी राहायची आणि मी तिचे केस वाळवायचो. कचेरीत ती ‘मॅडमची मैत्रीण’ होती. दोघी एका घरात राहत होत्या, संसार करत होत्या, भाजी कोणी आणायची यावरून भांडत होत्या. सगळ्यांना माहीत होतं आणि कोणालाच माहीत नव्हतं.

एका वर्षी माहिती घेणारा माणूस नेमका त्यांच्याच दारात गेला. दोघींनी खरं ते सांगितलं, आम्ही जोडीदार. त्यानंही तसंच लिहून घेतलं. पुढे आकडे कचेरीत आले, साफ झाले. टोचणीला राहवलं नाही, तिनं कॉम्प्युटरात आपल्या घराची नोंद उघडून पाहिली. नोंदीत पोहणारी बाई पुरुष झाली होती.

कोणी तिच्यावर डूख धरून ते केलं नव्हतं. कॉम्प्युटरला नियमच तसा घालून दिला होता. जोडीदार म्हणून दोघी बायका दिसल्या, की लिहिणाऱ्याची चूक समजायची आणि एकीला पुरुष करायचं. दोघे पुरुष दिसले, की एकाला बाई करायचं. शोधायला बसल्यावर अशी दुरुस्त केलेली घरं ढिगानं निघाली. आणि अहवालात छापलं होतं, अशी जोडपी आढळली नाहीत. त्याच अहवालावरून ठरणार होतं की आजारपणाचा विमा घरातल्या कोणाकोणाला द्यायचा. जी आढळलीच नाहीत त्यांच्यासाठी नियम कशाला करा? किती सोपं काम. आधी पुसून टाकायचं आणि मग म्हणायचं, इथं तर काहीच नाही.

हे कळलं तेव्हा पोहणारी बाई माझ्यासमोर उभीच होती. ती म्हणाली, "मला पुरुष केलंत ना? मग पगारही पुरुषाएवढा द्या."

टोचणी हसली नाही. कारण विनोद करणारीचे पाय सुजलेले होते. तिची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. टोचणीच्या नोकरीच्या विम्यात नवरा बसत होता, ही बसत नव्हती. सरकारच्या कॉम्प्युटरात ती नवरा होती आणि इस्पितळाच्या खिडकीवर कोणीच नव्हती.

टोचणी साहेबांकडे गेली. माझी मान तिकडे वळली तेव्हा साहेब चष्मा पुसत होते. तसे ते वाईट नव्हते. फक्त आपल्या कोष्टकांवर त्यांचा जीव होता. म्हणाले, "अहो मॅडम, चार घरांसाठी सगळं पुन्हा मांडायचं का? लोक हसतील."

"चारच आहेत हे तुम्हाला कसं कळलं? मोजलीत कधी?"

साहेबांचं उत्तर म्हणून आली ती तिच्या बदलीची ऑर्डर, दुसऱ्या खात्यात. त्याच सुमारास खोलीत एसी बसला आणि मला जिन्याखाली फेकलं. जाळी चेपली, मोटर अडकली. टोचणी आपली पुस्तकं न्यायला आली, तिनं मला काखोटीला मारलं आणि दुरुस्तीवाल्याकडे नेलं. तेव्हापासून मी त्यांच्या घरी, पलंगाच्या पायथ्याशी.

डायलिसिस सुरू झालं. पैसा पाण्यासारखा जात होता. इस्पितळाला नातेवाइकाची सही हवी असायची आणि टोचणी नातेवाईक नव्हती. म्हणून लांबून पोहणारीच्या भावाला बोलवावं लागायचं. भाऊ सरळ माणूस. एकदा टोचणीकडे बघून दारातच अडखळला, "हिला ताई म्हणू की वहिनी, मला काही कळत नाही."

"तू नुसती सही कर," बहीण पलंगावरून म्हणाली. त्यानंतर तो वहिनीच म्हणू लागला.

सुट्टीच्या दिवशी टोचणी ओळखीतून ओळख काढत अशा जोडप्यांच्या घरी जायची. खिडकीवर ‘तुम्ही पेशंटचे कोण’ या प्रश्नाला घाबरून किती जण दुखणं अंगावर काढतात, ते तिनं शोधून काढलं आणि छापलं. शेवटी सरकारच्या समितीनं तिला बोलावलं. तिथं एकानं विचारलं, सरकारचा आकडा चूक आहे कशावरून? ती म्हणाली, त्या आकड्यात माझी बायको पुरुष आहे.

घरी येऊन तिनं हे सांगितलं. पलंगावरची जरा उठून बसली.

"बायको म्हणालीस? सगळ्यांसमोर?"

"म्हणाले."

"मग आता चहा कर. नीट कर, रोजच्यासारखा नको."

समितीनं विचार करतो म्हणून सांगितलं. समितीचा विचार चालू राहिला आणि इकडे पोहणारी बाई गेली. त्यानंतर कॉम्प्युटरातला तो नियम काढून टाकला. त्यानंतर विम्यात जोडीदार आला. टोचणीला शाल मिळाली, मानपत्र मिळालं, भाषणांची बोलावणी आली. ती सगळीकडे गेली. घरी येऊन येरझाऱ्याच घालत राहिली.

मग पुन्हा पाहणीची फेरी आली. माहिती घ्यायला आलेली बाई दमली होती. तिला माझ्यासमोर बसवलं. तिनं विचारलं, घरात कोण कोण? टोचणी म्हणाली, मी एकटी.

"मग अविवाहित लिहिते."

टोचणी चालता चालता थांबली.

"विधवा लिहा."

त्या बाईनं मान वर केली, तिच्याकडे पाहिलं आणि लिहिलं. पुढे आकडे साफ झाल्यावर टोचणीनं जुन्या कचेरीत जाऊन पाहिलं. कोणी काही बदललं नव्हतं.

मित्रांनो, यंत्र बिघडलं तर जरूर दुरुस्त करा. मला तेल घाला, माझी जाळी पुसा, मी अजून चालेन. माणसांना मात्र दुरुस्त करायला जाऊ नका. कोणी सांगितलं, हे माझं माणूस, तर तसं लिहून घ्या. आणि ते माणूस जिवंत आहे तोवर लिहा.